जाळीखालचा गाळ आणि त्याचे बिल

मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या लहान गावात मी राहतो, तेथील पावसाळी गटारांच्या समितीवर माझी नेमणूक झाली ती दुसरे कोणी तयार नव्हते म्हणून. पावसाचे पाणी नदीत सोडण्यासाठी गावाला जो परवाना लागतो, त्याच्या अटी पाळण्याचा खर्च कोठून भागवायचा हे ठरवून टाउन मीटिंगपुढे, म्हणजे गावातल्या मतदारांच्या सभेपुढे, ठराव मांडणे एवढेच काम होते, आणि त्याला दोन वर्षे लागली.

नद्यांचे प्रदूषण रोखणारा अमेरिकेचा १९७२चा क्लीन वॉटर ॲक्ट सुरुवातीला मुख्यतः कारखान्यांच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांकडे पाहत असे. १९८७च्या दुरुस्तीने रस्त्यांवरून नदीत जाणारे पावसाचे पाणी त्याच्या कक्षेत ठळकपणे आले आणि १९९९च्या नियमांनी आमच्यासारखी लहान गावेही आली. आम्हाला लागू असलेला परवाना १ जुलै २०१८ रोजी अमलात आला. त्यातल्या अटी वाचताना त्या अगदी साध्या वाटतात, म्हणून मी एके सकाळी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या माणसांबरोबर गेलो.

त्यांनी रस्त्याकडेची लोखंडी जाळी उचलली आणि खालच्या चेंबरमध्ये मोजपट्टी जोडलेली काठी सोडली. चेंबरचा तळ आणि बाहेर जाणाऱ्या पाइपाचा खालचा काठ यांमधल्या अंतराच्या निम्म्यापर्यंतच गाळ साचू द्यायचा, असा नियम आहे. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेली वाळू आणि कुजलेली पाने यांनी तो चेंबर केव्हाच निम्म्याच्या वर भरला होता. गाळ ओढणारी गाडी, ती चालवणारी दोन माणसे, निघालेल्या गाळाची विल्हेवाट आणि या सगळ्याची नोंद, हे गावातल्या प्रत्येक चेंबरसाठी लागते. शिवाय कोरड्या हवेत नदीकाठच्या पाइपांतून पाणी येत असेल, तर कोणाची मैलावाहिनी चुकून पावसाळी गटाराला जोडली आहे का, हे अमोनिया, क्लोरीन वगैरे तपासून शोधावे लागते. आमचे गाव चार्ल्स नदीच्या खोऱ्यात असल्यामुळे पाण्यात शेवाळ वाढवणारा फॉस्फरस कमी करण्याची वीस वर्षांची योजनाही आमच्याच माथी आहे. खर्च वाढतो तो असा, चेंबरगणिक. आणि नियम करणारे केंद्र सरकार या कामासाठी ठरलेले अनुदान देत नाही.

मालमत्ता कराची एकूण आकारणी वर्षाला अडीच टक्क्यांहून जास्त वाढवायची, तर १९८० मध्ये मतदारांनीच संमत केलेल्या कायद्यानुसार, नव्या बांधकामातून येणारी भर सोडल्यास, वेगळे मतदान घ्यावे लागते. त्यामुळे गटारांचा पैसा म्हणजे शाळेच्या पैशातून काढलेला पैसा, असे समीकरण लगेच मांडले जाते. यावर आम्ही वेगळे शुल्क सुचवले: ज्याच्या जागेत छप्पर, डांबर आणि काँक्रीट जास्त, त्याला बिल जास्त. मालमत्ता कर घराच्या किमतीवर बसतो, पाणी मात्र डांबरावरून वाहते. म्हणून मला हीच पद्धत न्याय्य वाटत होती आणि आजही वाटते. करमाफी असलेल्या चर्चलाही आपल्या मोठ्या पार्किंगचे शुल्क द्यावे लागणार होते, आणि तेथील खजिनदारांनी विचारलेला प्रश्न, की हे पैसे भुकेल्यांच्या जेवणातून काढायचे का, याचे सरळ उत्तर माझ्याकडे नव्हते.

पहिल्या वर्षी सभेत कोणीतरी ‘पावसावर कर’ हा शब्द उच्चारला आणि आमचे सगळे तक्ते तेथेच बुडाले. मेरिलंडमध्येही २०१२च्या कायद्याची अशाच शब्दांनी टिंगल झाली होती आणि २०१५ मध्ये त्यातली शुल्काची सक्ती काढावी लागली होती. आमचा ठराव पुढे ढकलला गेला. दुसऱ्या वर्षी आम्ही तक्ते घरी ठेवले, चेंबरमधून काढलेल्या गाळाची एक बादली सभागृहाच्या दाराशी ठेवली आणि ठराव मंजूर झाला. बादलीचा यात किती वाटा होता, हे मी सांगू शकत नाही. लोकांना आमचा कंटाळा आला होता, हेही कारण असू शकते.

पहिली बिले गेल्यावर हरकती आल्या. एका वृद्ध गृहस्थांचे म्हणणे होते की त्यांची गाडीची वाट खडीची आहे, डांबरी नाही, आणि हवाई छायाचित्रावरून ती डांबरात धरणे चूक आहे. मी त्यांच्याकडे गेलो आणि त्यांच्याच नळाचे बादलीभर पाणी वाटेवर ओतले. वर्षानुवर्षे चाकांखाली दबलेल्या खडीत थोडे मुरले. बाकीचे उताराने रस्त्याकडे आणि तेथून जाळीकडे निघाले. ते गृहस्थ बराच वेळ पाहत राहिले, आणि मग बिल दोन हप्त्यांत भरले तर चालेल का, एवढेच त्यांनी विचारले.