नोव्हेंबरातला मी

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागले की आमच्या वयाच्या माणसांना एक काम आठवतं : आपण जिवंत आहोत, हे सरकारला कळवायचं. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. पेन्शन घेणाऱ्याने या महिन्यात आपण अजून आहोत हे दाखवून यायचं, नाहीतर पुढे पेन्शन थांबते. थांबलेली पेन्शन पुन्हा चालू होते म्हणा, पण त्यासाठीही आधी हयात असावं लागतं.

मोबाइलवरून दाखला देण्याची सोय आता झालेली आहे. तरी आम्हा राज्य सरकारच्या पेन्शनरांचा जीव अजून यादीतच अडकलेला असतो. कोषागारातून बँकेकडे नावांची यादी येते, बँकवाले ती एका टेबलावर ठेवतात, आणि आपण आपलं नाव शोधून त्याच्यासमोर सही करायची. पानांचे कोपरे थुंकी लावून उलटून उलटून मऊ पडलेले. बॉलपेन दोऱ्याने टेबलाच्या पायाला बांधलेलं, आणि तो दोरा नेमका पाहिजे त्यापेक्षा वीतभर आखूड. माणसं चष्मा बदलतात, ओळीओळीवरून बोट खाली नेत स्वतःला शोधतात. "सापडलात का?" शेजारचा विचारतो. "नाही अजून. मागच्या वर्षी या पानावर होतो." या संभाषणात कुणालाही काही वावगं वाटत नाही. सही करताना वरच्या-खालच्या ओळींकडे नजर जातेच. पान भरत आलेलं असतं आणि मध्येच एका नावापुढची जागा कोरी दिसते. मग रांगेतलं कुणीतरी टेबलामागच्या मुलीला सांगतं, "हे नाहीत हो आता. गणपतीत गेले." ती मान न वर करता पेन्सिलीने बारीक खूण करते आणि म्हणते, "पुढचे?"

माझी नोकरी तहसील कचेरीत गेली. 'तो तूच कशावरून?' हा प्रश्न लोकांना विचारणं हेच माझं पोटापाण्याचं काम. रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, वारसनोंद. सगळ्यांच्या मुळाशी हाच प्रश्न. त्यामुळे निवृत्तीनंतर वाचनालयातून तत्त्वज्ञानाची पुस्तकं आणायला लागलो तेव्हा मला ती फार परकी वाटली नाहीत. ही मंडळीही दाखलाच शोधत होती. फक्त त्यांची खिडकी आतल्या बाजूला होती.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६३७ साली लिहून ठेवलं की, मी विचार करतो, म्हणून मी आहे. माणूस हुशार. पण आमच्या यादीत विचाराचा रकाना नाही. तुम्ही विचार करता का, हे नोकरीत असतानाही कुणी विचारलं नव्हतं. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी, १७३९मध्ये, ह्यूम नावाच्या स्कॉटिश माणसाने आत डोकावून पाहिलं आणि जे दिसलं ते सांगून टाकलं. आत त्याला ऊन-थंडी भेटली, प्रेम-द्वेष भेटले, सुख-दुःख भेटलं; 'मी' काही भेटला नाही. रांगेत उभा असताना मीही बघून घेतलं. उजवा गुडघा होता. पुढच्या गृहस्थांच्या डोक्याला लावलेल्या तेलाचा वास होता. नो पार्किंगमध्ये लावलेल्या स्कूटरची काळजी होती. या सगळ्याची नोंद ठेवणारा मात्र जागेवर नव्हता. दुपारी दोननंतर आमच्या कचेरीत असायचं तसं : वह्या उघड्या, पंखा चालू, खुर्चीला रुमाल अडकवलेला आणि साहेब नाहीत. नागसेन भिक्खूंनी मिलिंद राजाला हेच रथावरून समजावलं होतं. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत गेला आणि शेवटी रथच उरला नाही. राजा होता म्हणून त्याला ते परवडलं. बँकेत सांगून बघा, की खातेदार असं काही नसतंच.

सरकारला हा आतला घोळ फार पूर्वी कळला असावा. म्हणून ते आत शिरलंच नाही, त्याने अंगठा धरला. आणि यातली गंमत अशी, की अंगठ्याच्या ठशाच्या इतिहासात आम्ही पेन्शनर अगदी सुरुवातीपासून आहोत. विल्यम हर्शेल हा बंगालमधला कंपनी सरकारचा अधिकारी. १८५८मध्ये जंगीपूरला त्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या सामानाचा करार लिहून घेतला आणि सहीबरोबर त्याच्या पंजाचा ठसाही घेतला. हेतू साधा : उद्या 'ही सही माझी नव्हेच' म्हणायची त्याला धास्ती वाटावी. पुढे हा नाद हर्शेलला लागलाच. १८७७मध्ये हुगळीला मॅजिस्ट्रेट असताना त्याने सरकारी पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. का, तर पेन्शनर वारल्यावरही त्यांच्या नावावर पैसे उचलले जात होते. मेलेली माणसं पेन्शन घेत राहिली म्हणून जिवंत माणसांना ठसा द्यावा लागला. त्यानंतर वीस वर्षांनी कलकत्त्याला ठशांचं कार्यालयच निघालं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांनी तिथे ठशांची वर्गवारी बसवायला मोठा हातभार लावला, पण पद्धतीला नाव लागलं ते त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं. माणसाची ओळख पटवण्याचं शास्त्र रचणाऱ्यांची स्वतःची ओळख अशी मागे राहिली. कचेरीत आयुष्य काढलेल्याला याचं नवल वाटायचं कारण नाही.

तर हा अंगठा. आमची मावशी भुसावळला असते. काका रेल्वेत होते, त्यांची फॅमिली पेन्शन तिला मिळते. ती केंद्र सरकारची, म्हणून तिचा दाखला ऑनलाइन : २०१४च्या नोव्हेंबरात सुरू झालेलं 'जीवन प्रमाण'. मी तिला घेऊन केंद्रावर गेलो. पोराने छोटंसं यंत्र पुढे सरकवलं, त्याच्या काचेवर लाल उजेड. मावशीने अंगठा ठेवला. जुळला नाही. पुसून ठेवला, दाबून ठेवला, ओला करून ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटं झाली. पोरगा भला होता, म्हणाला, "आजी, रेषाच उरल्या नाहीत हो." मावशीने दोन्ही हात डोळ्यांपुढे धरून पाहिले. त्या हातांनी राखेने भांडी घासली, उन्हाळ्यात गच्चीवर कुरडया घातल्या, कळण्याच्या भाकरी थापल्या, भुसावळच्या उन्हात रेल्वे क्वार्टरच्या नळावर धुणी आपटली. आम्हा भाचरांना विचाराल तर मावशी म्हणजे तेच हात. आणि नेमकं त्याच कामाने तिची सरकारी ओळख पुसून टाकली होती. बसून खाल्लं असतं तर ठसा स्वच्छ उमटला असता.

शेवटी चेहरा. ही सोय अलीकडची, २०२१पासूनची. मोबाइल तोंडासमोर धरायचा, आणि तो सांगतो की डोळ्यांची उघडझाप करा. फोटो दाखवून कुणी फसवू नये म्हणून ही युक्ती. फोटोला पापणी लवत नाही. पण आमच्या घरातल्या लग्नामुंजींच्या एकूणएक ग्रुप फोटोंत मावशीचे डोळे मिटलेले आहेत, आणि त्यावरून तिला आयुष्यभर चिडवलेलं आहे. तिने इथे निश्चयाने डोळे ताणून धरले. "आजी, पापणी लववा." तिचे डोळे आणखी मोठे. "मावशी, मीट ना गं एकदा!" मी म्हणालो. "फोटो बिघडेल," ती ओठ न हलवता म्हणाली. सरकारला उघडझापच हवी आहे, हे तिच्या गळी उतरवण्यात बराच वेळ गेला.

फॉर्मात आणखी दोन प्रश्न असतात. पोराने यंत्रवत वाचून दाखवले : "पुन्हा नोकरी? पुन्हा लग्न?" ऐंशी ओलांडलेल्या बाईला हे विचारताना तो जरा ओशाळला, आणि उत्तराची वाट न पाहता दोन्हीकडे 'नाही'वर टिचकी मारायला निघाला. मावशीने त्याला थांबवलं. म्हणाली, "पुन्हा कशाला रे, एकदाच मिळाली असती तरी केली असती. नोकरी म्हणतेय मी." दोन्हीकडे 'नाही' लागलं. आतला 'मी' शोधायला निघालेल्यांनी कधी अशा केंद्रावर तासभर बसून पाहावं, असं मला वाटतं.

हा सगळा प्रकार विनोदी आहे, आपण यादीत असतो तोवर. उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यातला लालबिहारी १९७५च्या सुमारास कर्जासाठी कागद काढायला गेला तेव्हा त्याला समजलं, की महसूल दप्तरी आपण मृत आहोत आणि जमीन नातेवाइकांच्या नावावर चढली आहे. हे आमचंच खातं, म्हणून सांगतो, हे कसं होतं ते मला कळू शकतं. आपल्याकडे फेरफाराची नोंद धरली की तलाठी नोटीस काढतो, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सगळं नियमात. फक्त ज्याच्या मरणाची नोंद आहे, त्याला नोटीस पाठवायची पद्धत नाही. लालबिहारी कचेरीत उभा राहून सांगत होता की मी आहे, आणि कारकून कागद पाहून सांगत होता की नाही. हातापायांनी धडधाकट, विचार करणारा, रागावणारा माणूस. देकार्तच्या सगळ्या अटी पुऱ्या करणारा. त्याने नावापुढे 'मृतक' लावलं. बायकोला विधवा म्हणून मदत मिळावी असा अर्ज करवला. १९८९ला अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला, का, तर कुठल्यातरी सरकारी कागदावर आपलं नाव जिवंत माणूस म्हणून लागावं. आपल्यासारखे आणखी मृतक गोळा करून त्याने संघ काढला. कागदावर तो पुन्हा जिवंत झाला १९९४मध्ये. तुकोबांनी आपलं मरण आपल्या डोळ्यांनी पाहिलं, त्यांना तो सोहळा वाटला. लालबिहारीनेही पाहिलं; त्याला अठरा-एकोणीस वर्षं हेलपाटे पडले.

मी स्वतः इतका कुठे हरवलो नाही. पण निवृत्तीनंतर पहिल्यांदा जुन्या कचेरीत गेलो तेव्हा दारातल्या नव्या शिपायाने विचारलं, "काका, काय काम होतं?" तालुक्यात सगळे मला भाऊसाहेब म्हणत. ते माझं नाव नव्हतं, टेबलाचं होतं, हे कळत होतं, तरी मी दोन क्षण मागे वळून पाहिलं की हा काका कोण. चार्ल्स कूली नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९०२मध्ये म्हटलं होतं, की माणूस स्वतःला दुसऱ्यांच्या आरशात पाहतो : आपण त्यांना कसे दिसत असू, त्यांना काय वाटत असेल, आणि त्यावरून आपल्याला काय वाटावं. शिपायाच्या आरशात टेबल नव्हतं. त्या दिवशी घरी येऊन मी दाढी वाढवायचं ठरवलं, कारण काकांना दाढी चालते.

लहानपणी कीर्तनात दहाव्याची गोष्ट ऐकली होती. दहा जण नदी उतरून पलीकडे जातात, कुणी वाहून तर गेलं नाही ना म्हणून मोजतात, आणि मोजणारा प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजतो. नऊच भरतात. मग दहाव्यासाठी रडारड. एक वाटसरू येतो, त्यांना मोजून दाखवतो आणि म्हणतो, दहावा तूच आहेस. वेदान्ती आचार्य विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात ही गोष्ट चांगली उकलून मांडली आहे, आणि बुवाही 'दहावा तूच' इथे आले की टाळ-मृदंग थांबवत. शोधणाराच शोधायची वस्तू आहे, हे तात्पर्य. मला हल्ली त्यातला वाटसरू जास्त आवडतो. त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. त्याला पुढे जायचं होतं, पण तो थांबला. दहा बावळटांचं रडणं ऐकून घेतलं, न हसता बोट दाखवून मोजलं आणि गेला. तो आला नसता तर ते दहाही जण ब्रह्मस्वरूप असून नदीकाठी रडतच बसले असते.

आमच्या कट्ट्यावर ही वाटसरूगिरी मोबाइलवर चालते. रोज पहाटे गुलाब, दवबिंदू, उगवता सूर्य आणि खाली कुणाच्याही नावावर खपवलेला सुविचार. मुलं-सुना हसतात, फोन भरतो म्हणून तक्रार करतात. सुविचार आम्हीही वाचत नाही. कुणाचा गुलाब आला आणि कुणाचा नाही, एवढंच बघतो. अमेरिकेत मुलाकडे सहा महिने गेलेल्यांची शुभ सकाळ आमच्या संध्याकाळी येते, तीही धरतो. नियम कुणी केलेला नाही, पण एखाद्याचं फूल नऊपर्यंत आलं नाही की कुणीतरी फोन करतं, आणि फोन उचलला नाही की दोघं चपला घालून निघतात.

मध्यंतरी आमच्यातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचं फूल आलं नाही. त्यांचं रोज साडेपाचला येतं, शाळेच्या घंटेच्या वक्तशीरपणाने. फोन बंद. आम्ही दोघं तिसऱ्या मजल्यावर धापा टाकत पोचलो, बेल वाजवली. दार उघडलं तर सर समोर, तोंडात ब्रश, खांद्यावर पंचा. रात्री फोन पाण्याच्या बादलीत पडला होता. आम्ही का आलो ते त्यांना सांगायला लागलं नाही. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तोंडातला फेस सावरला आणि शाळेतल्याच आवाजात विचारलं, "आणि साडेनऊ वाजले तुम्हाला?"