गवताचा भारा आणि तीन फुटी दार

घरकुलाच्या नकाशात पुढचं दार तीन फुटांचं असतं. गेली अकरा वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून मी ते तसंच काढत आलेय.

त्या दिवशी नकाशाची गुंडाळी काखेत मारून दाजीपूरच्या बाजूला एका धनगरवाड्यावर गेले होते. डांबरी संपल्यावर पाऊण तासाचा चढ. वस्ती गवळी धनगरांची. सरकारी यादीत भटक्या जमाती 'क', धंदा म्हशींचा. माझ्या नकाशात प्रत्येकाला २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फुटांचं घर, वर स्लॅब, स्वयंपाकाला ओटा आणि गोठा घरापासून तीस फूट लांब. स्वच्छतेच्या नावाखाली तो एवढा लांब नेला याचा मला अभिमान होता.

एक कबूल करते. आदल्याच आठवड्यात एका कॉलेजात मी ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या सरकारी आर्किटेक्ट कार्यालयाच्या 'कनेक्टिंग विथ कंट्री' या २०२३ च्या मार्गदर्शक चौकटीवर तासभर बोलले होते. तिथल्या आदिवासींना कामाच्या सुरुवातीपासून सोबत घ्या, जमीन-पाणी त्यांच्या नजरेनं बघा, वगैरे. टाळ्या पडल्या. आणि वाड्यावर मी नेला तो तयार नकाशा.

देवळापुढं बैठक बसली. पुरुष पुढं, बायका मागं. पुरुषांनी पाच मिनिटांत "झ्याक हाय" म्हणून टाकलं. सह्यांचा कागद काढला तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, ह्या दारातनं भारा आत कसा जायाचा?"

सत्तरीच्या आजी होत्या. नुकत्याच रानातनं आलेल्या, गवताचा भारा कट्ट्याला टेकवलेला. मी टेप लावला. चार फूट दोन इंच.

"थोडा तिरका करून?" मी म्हटलं.

"डोस्क्यावरचा भारा आडवाच असतोय. तुमी कवा घेतला न्हाई व्हय?"

बायका हसल्या. मग आजी मला हाताला धरून घरी घेऊन गेल्या.

कारवीचा कुड, शेणानं लिंपलेला. वर मंगलोरी कौलं. दार पाच फुटी, दोन फळ्यांचं. म्हशी, माणसं, भारे सगळी त्यातूनच. आत डावीकडं म्हशी, उजवीकडं चूल, मधे गुडघ्याएवढी भिंत. भिंतीलगत आजींचं अंथरूण. "रातीला म्हस आडली की तिचं रवंथ थांबतंय," त्या म्हणाल्या, "त्यानं मला जाग येती. तीस फुटावनं मला काय ऐकू येणार? पावसात?" तिथला पाऊस मला माहीत होता. जूनपासून चार महिने माणूस शेजारच्याशीसुद्धा ओरडून बोलतं.

चुलीवर माळा. त्यावर नाचणीची कणसं, सरपण, दांडीवर ओलं लुगडं. धूर त्यातनं जाऊन कौलांतनं बाहेर. मी नकाशात कपडे वाळत घालायची जागा कुठं दाखवली होती? टेरेसवर. आषाढात, दाजीपुरात!

मी सगळं वहीत उतरवायला लागले, जरा भारावूनच. तेवढ्यात सून चुलीजवळून म्हणाली, "आत्तींचं ऱ्हाऊ द्या. मला ओटा पायजे. वाकून वाकून कंबर गेली, धुरानं डोळं गेलं." आजींनी तिच्याकडं बघितलं, पण बोलल्या काही नाहीत. बरं झालं ती बोलली, नाहीतर मी जुनं घर जसंच्या तसं विटांत बांधून 'परंपरा' म्हणून मिरवलं असतं. जाता जाता तिनं आणखी एक सांगितलं, पुरुष बाहेर गेल्याचं बघून, हळू आवाजात: संडासाचं दार अंगणाकडं नको. "तितं समदी बसल्यात. त्यांच्या म्होरनं डबा घिऊन जायाचं?" तो संडास मी दोन मिनिटांत काढला होता, पाईप कमी लागावा म्हणून.

दुपारी अंगणात आम्ही चुलीतल्या राखेनं घर आखलं, खऱ्या मापाचं. गोठ्याचं माप म्हशीच्या दाव्यानं घेतलं. एक जण भारा घेऊन राखेच्या दारातनं तीनदा आत-बाहेर गेली. तिसऱ्यांदा तिची राख विस्कटली नाही, ते माप पक्कं. ओटा राहिला, चूलही राहिली, माळ्यासाठी स्लॅबऐवजी कौलं आली. संडासाचं दार परसाकडं गेलं.

नवा नकाशा एकदा परत आला, कारण घराला चिकटून गोठा चालत नाही. मी 'गोठा' खोडून 'पडवी' लिहिलं. मंजूर झाला.

पण त्या संध्याकाळी निघताना आजींनी विचारलेलं राहून गेलं होतं. "ह्याचं तुमास्नी पैसं मिळत्यात?"

"मिळतात."

"मग आमी सा बाया दिसभर खोळंबलो, त्याचं?"

मी अंदाजपत्रकात ओळ घातली: स्थानिक सल्ला, सहा जणी, एक दिवस. ती तांबड्या पेननं खोडून आली. मग माझ्या फीमधून पैसे काढून पुढच्या खेपेला नेले आणि सहा जणींचे एकदमच आजींच्या हातात दिले. त्यांनी दोनदा मोजले आणि काही नोटा परत केल्या.

"सून दुपारनंच उठून म्हशीकडं गेलती," त्या म्हणाल्या. "तिचा अर्धाच दिस धरा."