डोंगर पेटतो तो पायथ्याला

फेब्रुवारी लागला की पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी, कुठल्याही बाजूला रात्री बघा, डोंगरावर वणव्याची लाल रेघ सरकताना दिसते. "आपोआप लागला" हे उत्तर ठरलेलं. आपोआप आग लावणारी वीज आपल्याकडं पडते ती बहुतेक वळवाबरोबर, म्हणजे पाऊस सोबत घेऊनच. काडी माणसाचीच असते. कुणी बांध पेटवतो, कुणी भाताच्या तरव्यासाठी, म्हणजे रोपांच्या वाफ्यासाठी, पालापाचोळ्याचा राब भाजतो, कुणी मधाचं पोळं काढायला पेटती चूड नेतो. गवत चांगलं फुटावं म्हणून मुद्दाम लावून देणारेही आहेत. फुटवा लवकर दिसतो खरा, पण उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसातच ओढ्याला लागते, ते कोण बघतंय?

आता एकच बांध सकाळी आठला पेटवा आणि दुपारी एकला पेटवा. सकाळी गवत दंवानं ओलसर असतं, धूर जास्त, जाळ कमी. पण 6 मिलिमीटरपेक्षा बारीक जळण, म्हणजे कुसळी गवत, वाळला पाला, तासाभरातच हवेइतकं कोरडं होतं. दुपारी त्याच गवताला काडी लावली तर माणूस मागं सरकेपर्यंत जाळ पुढं गेलेला असतो.

त्यात बांध डोंगराच्या पायथ्याला असला की संपलंच. चढावर जाळ वरच्या गवताकडं झुकतो आणि ते पेटण्याआधीच वाळवून ठेवतो. उतार दर 10 अंशांनी वाढला की आगीचा वेग साधारण दुप्पट होतो. शिवाय दुपारी तापलेल्या उतारावर वारा खालून वर चढतो. म्हणून आगीच्या वरच्या अंगाला, विशेषतः घळीत, कधीच उभं राहू नये. घळ धुराड्यासारखी ओढते.

विझवायचं तर जळून काळ्या झालेल्या बाजूनं, कडेकडेनं पुढं सरकायचं. ओला डहाळा गवतावर दाबून धरायचा. बहुतेक जण तो डोक्यावरून आपटतात आणि ठिणग्या मागच्या गवतात उडवतात. जाळ कमरेच्या वर गेला असेल तर समोरून भिडू नये. लांब मागं जाऊन गवत कापून मातीपर्यंत पट्टा मोकळा करावा. जाळरेषा म्हणतात ती हीच, फक्त वनखातं ती हंगामाआधी काढतं.

खरी चूक होते जाळ विझल्यावर. सगळे घरी जातात आणि वाळकं शेण, खोडाचा बुंधा आत धुमसत राहतो. धुमसणारा ओंडका उतारावरून घरंगळला की खालचं न जळलेलं गवत पेटतं, आणि आग पुन्हा वर चढते. दुसऱ्या दिवशी दुपारी "परत कुणीतरी लावला" म्हणतात तो बऱ्याचदा हाच. कडेचा बुंधा हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघावा. ऊब लागली तर खणून माती-पाणी कालवावं.

राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 26 खाली गुन्हा आहे. धूर दिसला तर वनखात्याचा 1926 हा नंबर लावा. गाव, डोंगराची कुठली बाजू आणि वारा कुठून कुठं, एवढं आधी सांगा.