ऐरोलीच्या बाल्कनीतल्या मिरच्या टिकवताना

कुंडीतल्या मिरचीची खरी अडचण म्हणजे ती बाजारातल्यासारखी पाव किलो एकदम हाती येत नाही. माझ्याकडे ज्वाला आहे, लवंगी आहे आणि सांडग्यासाठी मुद्दाम लावलेली एक जाड, कमी तिखट जात आहे. दर आठवड्याला मूठभर निघतात. पोह्यांना, फोडणीला पुरून उरतात, पण बरणीभर लोणच्याला कमी पडतात. म्हणून आधी साठवणीचं बघावं लागलं, रेसिपीचं नंतर.

थोड्या दिवसांसाठी देठ काढायचे, मिरच्या अगदी कोरड्या करायच्या आणि कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवायच्या. महिने काढायचे असतील तर फ्रीझर. ताटात सुट्ट्या पसरून गोठवल्या आणि मग पिशवीत भरल्या की एकमेकींना चिकटत नाहीत. बर्फातून काढल्या की लिबलिबीत होतात, त्यामुळे कोशिंबिरीला नाहीत. वाटणाला उत्तम. त्या गोठलेल्या असतानाच चिरायच्या.

लोणच्यासाठी मात्र ताज्याच लागतात. झाडं भरात असताना दोन आठवड्यांची तोड फ्रिजमध्ये जमवली की पाव किलोचा मेळ बसतो. त्याला साधारण पन्नास ग्रॅम मीठ, तेवढीच मोहरीची डाळ, सहा-सात रसरशीत लिंबं, तेलात तळून कुटलेली मेथी, हळद, हिंग. फोडणी पूर्ण गार करूनच ओतायची. टिकवण्याचं काम करतं मीठ आणि लिंबू. तेल फक्त वरून हवा अडवतं. हे लक्षात आल्यापासून मी आहाराच्या नावाखाली मीठ कमी करत नाही, वाढताना लोणचंच कमी वाढते.

याच कारणासाठी लसूण घातलेला ठेचा तेलात बुडवून ओट्यावर ठेवत नाही. त्यात आंबट काही नसतं आणि तेलाखाली हवा नसते. अशा जागी बोट्युलिझम या गंभीर अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास किंवा चव कळेलच असं नाही. ठेचा थोडाच करायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा, आठवड्याच्या आत संपवायचा.

वाळवणाला ऐरोलीची हवा साथ देत नाही. खाडी जवळ. दिवसभर उन्हात कडक झालेली लाल मिरची रात्री बाहेर राहिली तर सकाळी चामड्यासारखी लवते. जानेवारी ते मार्च हाच काळ बरा. मे महिन्यात ऊन कडक असलं तरी हवेत दमट चिकटपणा असतो. संध्याकाळ व्हायच्या आत ताट घरात. देठ काढायचे नाहीत, नाहीतर तिथून ओल शिरते. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या आणि देठ कट्कन मोडला की झालं. आत पांढरी-करडी बुरशी दिसली तर ती मिरची सरळ फेकायची, धुऊन-पुसून वापरायची नाही. बुलबुल येऊन टोचा मारतात ते वेगळंच. पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे त्यांना धाक कसला!

सगळ्यात वेळखाऊ आणि सगळ्यात आवडीची सांडगी मिरची. वरच्या मजल्यावरच्या काकू पाटावर बसून दाखवत होत्या. देठ तसाच ठेवायचा, पोटाला चीर द्यायची पण टोक शाबूत ठेवायचं. धने, जिरे, मेथीची भरड, हिंग, मीठ चमच्याच्या दांड्याने आत दाबायचं. मी ताक घेऊन गेले होते.

"अगं, ताक काय कामाचं? आंबट दही आण, चांगलं घट्ट," काकू म्हणाल्या.

मिरच्या रात्रभर खारवलेल्या दह्यात, सकाळी उन्हात, संध्याकाळी परत त्याच दह्यात. दही मिरच्यांनी पिऊन संपवलं की नुसत्या वाळवायच्या, कुरकुरीत होईपर्यंत. दह्यात असताना भांडं मी फ्रिजमध्येच ठेवते; काकूंना ते पटत नाही, पण त्यांचं स्वयंपाकघर आमच्यापेक्षा गार आहे. तळताना मध्यम आच, रंग तपकिरी झाला की लगेच बाहेर. दहीभातात चुरडून खायची.

हातांचं एक. मिरचीला तिखट करणारं कॅप्सायसिन बियांपेक्षा आतल्या पांढऱ्या शिरांत जास्त असतं आणि ते पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसत्या पाण्याने कितीही धुवा, बोटं चुरचुरतात. आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. हातमोजे घालणं सगळ्यात बरं, पण लवंगी चिरतानाच मला ते आठवतात.

पुढच्या वेळचं बी पूर्ण लाल पिकलेल्या मिरचीतून घेते. ज्वाला आणि लवंगी शेजारी-शेजारी असल्या तर संकर होऊन रोप तिसरंच निघू शकतं, म्हणून बियाण्यासाठीच्या फांदीला फुलं उमलायच्या आधी पातळ मलमलची पिशवी बांधते. फुलं उमलली की पिशवीवरून रोज हलकी टिचकी मारायची, मिरचीत परागीभवन तेवढ्यावर होतं. फळ धरलं की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा.