पिवळा डबा

सोमवारी सकाळी आमच्या विभागातला फोन थांबत नाही. शनिवार-रविवारी घरी गरोदरपणाची टेस्ट केलेल्या बायका आठ वाजायची वाट बघत बसलेल्या असतात. इंग्लंडमधल्या एका सरकारी, म्हणजे एनएचएसच्या रुग्णालयात वंध्यत्व उपचार विभागात, जिथे आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार होतात, मी अकरा वर्षं नर्स आहे. समोरून "हॅलो" म्हटल्याबरोबर मला बहुतेक वेळा निकाल कळतो.

त्या सोमवारी पहिला फोन तिचाच होता. वय 34. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, नवरा डिलिव्हरीची व्हॅन चालवतो. आठ बीजं मिळाली होती, पाच फळली, पाचव्या दिवसापर्यंत एकच गर्भ टिकला. तो आम्ही आत सोडला. गोठवून ठेवायला काही उरलं नव्हतं.

"एकच रेघ आली," ती म्हणाली. "दोनदा केली. त्याने तिसरी किट आणलीय, पण ती फोडायचं धाडस होत नाही."

औषधं थांबव, दोन-चार दिवसांत पाळी येईल, फार दुखलं तर लगेच फोन कर, असं सगळं मी सावकाश सांगितलं. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "दुसरी सायकल कधी सुरू करता येईल?" सायकल म्हणजे या उपचाराची एक पूर्ण फेरी.

माझ्या टेबलावर त्याच सकाळी आलेलं पत्र उघडं पडलेलं होतं. आमच्या भागात सरकारी खर्चाने दोन सायकल मिळतात. आरोग्य मंडळाला त्या एकवर आणायच्या आहेत, आणि त्यासाठी लोकांची मतं मागवली होती. पहिली संपवून दुसरीच्या रांगेत उभ्या असलेल्यांचं काय, हे मी पत्रात दोनदा शोधलं. कुठे नव्हतं.

"मला आत्ता नक्की सांगता येत नाही. विचारते आणि कळवते," मी म्हटलं. अकरा वर्षांत या प्रश्नाला असं उत्तर मी पहिल्यांदाच दिलं.

नियम पाहिला तर कागदावर चांगला आहे. सरकारी आरोग्यसेवेत कोणते उपचार द्यावेत हे सुचवणाऱ्या इथल्या नाइस या संस्थेने 2004 मध्ये चाळिशीच्या आतल्या बाईला तीन पूर्ण सायकल द्याव्यात अशी शिफारस केली. 2013 मध्ये तीच कायम ठेवली, आणि 40 ते 42 वयाला एक सायकल त्यात वाढवली. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. इंग्लंडमध्ये पैसा कशावर खर्चायचा हे स्थानिक मंडळं ठरवतात. स्कॉटलंडमध्ये पात्र जोडप्याला तीन सायकल मिळतात, इथे मात्र तुमचं नाव कोणत्या जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात नोंदलंय त्यावर सगळं अवलंबून. दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनमध्ये आणि केंब्रिजशायरमध्ये 2017 साली हा उपचार जवळपास बंदच केला होता. केंब्रिजशायरमध्ये तो परत सुरू व्हायला 2021 उजाडलं. ज्या केंब्रिजमध्ये शास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्स यांनी या तंत्रावर वर्षानुवर्षं काम केलं, तिथली ही गोष्ट. त्यांच्यासोबत जीन पर्डी होती. ती मुळात नर्स. 1978 साली जन्मलेल्या लुईझ ब्राउनचा, जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा, गर्भ विभागताना पहिल्यांदा पाहिला तो तिने. नव्या मुली कामावर आल्या की मी त्यांना पर्डीबद्दल आवर्जून सांगते.

पैसा कमी आहे हे मला दिसतं. आमच्याच इमारतीत खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लोक महिनोन्‌महिने थांबलेत, त्यांचं दुखणं खोटं नाही. पण मंडळाच्या कागदात एक गोष्ट सुटलीय. पहिल्या सायकलमध्ये आम्ही त्या बाईचं शरीर शिकतो. कोणत्या डोसला बीजकोश किती साथ देतात, बीजं फळतात का, गर्भ कोणत्या दिवशी अडतो, हे आधी कितीही तपासण्या केल्या तरी पुरतं कळत नाही. दुसऱ्या वेळी डोस बदलतो, कधी औषधच बदलतो. एकीवर थांबवायचं म्हणजे एवढा खर्च करून जे कळलं, ते फायलीत बंद करून ठेवायचं. पुढची सायकल खासगीत करायची तर पाच हजार पौंडांच्या वर जाते, औषधं वेगळी. ज्यांच्याकडे आहेत ते भरतील. शाळेच्या स्वयंपाकघरातून कुठून भरायचे?

माझ्या मावशीने मूल व्हावं म्हणून उपचारांसाठी पाटल्या मोडल्या होत्या. साताऱ्याहून पुण्याला एसटीने जायची, सकाळच्या पहिल्या गाडीने. दुसऱ्यांदा जायला मोडण्यासारखं काही उरलं नाही. घरातल्या डोहाळजेवणाला तिला ओटी भरायला पुढे करत नसत. ती स्वयंपाकघरात पुरणाच्या पोळ्या लाटत बसे. मी इथे आले तेव्हा पहिल्या पेशंटला पैशाचं काहीच विचारलं नाही, नुसती तारीख दिली, त्या दिवशी घरी येऊन मी मावशीला फोन केला होता.

दुपारी तीनच्या सुमाराला सकाळी फोन केलेली ती स्वतःच आली. शाळेचा एप्रन कोटाखाली तसाच होता. हातात इंजेक्शनच्या वापरलेल्या सुयांचा पिवळा डबा.

"हा घरात ठेववेना," ती म्हणाली.

सकाळपासून मी वरिष्ठांना विचारलं होतं, त्यांनी मंडळाला ई-मेल टाकला होता. उत्तर आलं नव्हतं. तेच तिला सांगितलं. मतं कळवायचा फॉर्म छापून दिला. माझ्या खुर्चीशेजारी बसून तिने तो भरला. पहिल्याच प्रश्नाला अडली. आपण कोण आहात: रुग्ण, नातेवाईक की सामान्य नागरिक? एकाच चौकटीत खूण करायची होती.

"मी अजून रुग्ण आहे ना?"

"आहेस," मी म्हटलं.

तिने खूण केली. खाली लिहायला चार ओळींची जागा होती, ती तिला पुरली नाही. मागच्या कोऱ्या बाजूवर तिने बारीक अक्षरात लिहिलं. मी वाचलं नाही.

जाताना ती दारात थांबली. डबा अर्धासुद्धा भरला नव्हता. "पुन्हा लागला तर हाच आणायचा का?"

"नाही गं, दर सायकलला नवा देतो," सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं. ती "बरं" म्हणाली आणि गेली.

मी डब्याचं झाकण दाबलं, लेबलावर तारीख घातली. सहा वाजेपर्यंत तीन वेळा मेल उघडून पाहिला.