काठावर पास

इंग्लंडच्या फुटबॉलचा, म्हणजे प्रीमियर लीगचा गुणतक्ता मी खालून वर वाचतो. विसावा, एकोणिसावा, अठरावा. या तिघांत आपल्या क्लबाचं, एव्हर्टनचं नाव नाही एवढं दिसलं की मोबाईल खाली ठेवायचा. पहिल्या नंबरावर मँचेस्टर सिटी आहे की आर्सेनल, हे मला बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी कळतं.

ही वाचायची पद्धत सोलापुरात वाढलेल्या माणसाला आयतीच येते. एप्रिल लागला की आमच्याकडे पेपर उघडून आधी उजनी बघतात. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. उपयुक्त पाणी संपलं की आकडा शून्याखाली उतरतो आणि पेपरात ‘वजा’ छापून येतं. वजा दहा टक्के, वजा पंचवीस टक्के. २०२४ च्या उन्हाळ्यात तो वजा साठच्या घरात गेला होता. धरण मायनसमध्ये म्हणजे काय, आणि मायनसमध्ये असूनही नळाला पाणी कसं येतं, हे पुण्याच्या पाहुण्यांना समजावताना आमचे चहा गार होतात. येतं बाबा. चार-पाच दिवसांनी येतं, रात्री-अपरात्री येतं, पण येतं. २०२३ मध्ये एव्हर्टनचा गोल डिफरन्स, म्हणजे मारलेल्या गोलांतून खाल्लेले वजा केले की उरतं ते, वजा तेवीस होता. उजनीच्या मानानं बरा म्हणायचा.

एव्हर्टनच का, याला धड उत्तर नाही. २००२ चा ऑक्टोबर, दिवाळी दोन आठवड्यांवर. शेजारच्यांच्या टीव्हीवर एव्हर्टनच्या एका सोळा वर्षांच्या पोरानं आर्सेनलविरुद्ध अगदी शेवटी लांबून गोल मारला. वेन रूनी. मी तेव्हा नववीत. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा पोरगा हे करतो म्हटल्यावर जीव जडला. दोन वर्षांत रूनी मँचेस्टर युनायटेडला गेला. मी राहिलो. निळा टीशर्ट घालून पार्क चौकातून निघालो की कुणीतरी विचारतंच, “चेल्सी का बे?” चेल्सीचा रंगही निळाच. पूर्वी थांबून सांगायचो. आता हो म्हणतो आणि पुढे जातो.

क्रिकेटवाल्यांना रेलिगेशन पटवणं त्याहून अवघड. आयपीएलमध्ये तळाला आलं तरी पुढच्या मोसमात तीच जर्सी, तेच ढोल. इथं तळाचे तिघे सरळ खालच्या लीगमध्ये. टीव्हीचे पैसे आटतात, चांगले खेळाडू विकायला काढावे लागतात, आणि परत वर यायला कुणाला एक वर्ष लागतं, कुणाला वीस. एव्हर्टन हा १८८८ साली लीग सुरू करणाऱ्या बारा क्लबांतला एक, १९५४ पासून सलग वरच्याच लीगमध्ये. एवढं जुनं नाव खाली जाईल का, असं लोक म्हणतात. आमच्या आजोबांच्या पिढीला गिरण्यांबद्दलही तसंच वाटायचं.

२८ मे २०२३, रविवार. शेवटचा दिवस, सगळे सामने एकाच वेळी, आपल्याकडे रात्री नऊला. आमची गाठ बोर्नमथशी. तिकडे आमच्यासारखाच काठावरचा लेस्टर हरावा म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. २०१६ चा विजेता हा लेस्टर. त्याच्या वाइटावर टपताना लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. लेस्टर जिंकला. तळातल्याच लीड्सनं मात्र चार गोल खाल्ले. त्याचा आनंद झाला, हेही कबूल करतो. आम्हाला जिंकण्यावाचून सुटका नव्हती. सत्तावन्नाव्या मिनिटाला डुकुरेनं गोल मारला आणि वर दहा मिनिटांची भरपाईची वेळ. ती दहा मिनिटं मी बाथरूमचं दार लावून आत उभा होतो. शेवटी गुण झाले एव्हर्टन ३६, लेस्टर ३४. पस्तीसला पास हा नियम तिकडं कुणी केलेला नाही, पण त्या वर्षी तो बरोब्बर लागू पडला. लेस्टर एका मार्कानं गेला.

तरीही माझ्या मनातली रात्र ती नव्हे. ती आदल्या वर्षीची. १९ मे २०२२, तिकडची संध्याकाळ, आमचे मध्यरात्रीचे सव्वाबारा. समोर क्रिस्टल पॅलेस. जिंकलो तर वाचलो, नाहीतर सगळं शेवटच्या सामन्यावर. घरात पंखा गरम हवा ढवळत होता म्हणून गच्चीवर चादर टाकून, मोबाईल माठाला टेकवून बसलो होतो. मध्यांतराला ०-२. मी चादर डोक्यावर ओढून घेतली.

तेवढ्यात खालून आईची हाक. “ऊठ बे, पाणी आलंय!”

पाचव्या दिवशी पाणी येतं तेव्हा सामना वगैरे कुणी ऐकून घेत नाही. मोटर लावली, पाइप हौदात सोडला, पिंपं ओळीनं मांडली. मोबाईल पायरीवर. पहिलं पिंप भरता भरता कीनचा गोल, १-२. म्हटलं, असू दे, आशा लावू नये. हंडे-कळश्या झाल्या, दुसरं पिंप निम्मं झालं आणि रिचार्लिसननं २-२ केले. आईनं माझ्या तोंडाकडे बघितलं. “तुझं ते निळं हारतंय का?” तिला क्लबाचं नाव येत नाही, रंग येतो. मी म्हटलं, “नाही आई, बरोबरी.” “मग तोंड असं का?” बरोबरी झाली की तोंड जास्तच पडतं, कारण आता गमावण्यासारखं काहीतरी हातात असतं, हे रात्री पावणेदोनला आईला कसं सांगणार?

पंच्याऐंशीव्या मिनिटाला फ्री किक उडाली, कॅल्व्हर्ट-लेविननं झेप घेऊन हेडर मारला, आणि माझ्या हातातला पाइप सुटला. पाणी अंगणभर, तिथून गटारीत. आई ओरडते आहे, मोटर घुमते आहे, तिकडे लोक कुंपण ओलांडून मैदानात शिरलेत आणि मी भिजलेल्या लुंगीवर हौदाभोवती नाचतोय. पाच दिवसांच्या पाण्यातलं दोन घागरी तरी वाया गेलं असेल.

शेजारच्या काकांनी खिडकी उघडली. “काय झालं बे? कुठं नंबर लागला का?”

“नाही काका,” मी म्हटलं. “होतो तिथंच राहिलो.”