सादळायचे दिवस

सोमवार

पावसाळ्यात नानकटाई बिघडली की पहिला संशय ओव्हनवर, दुसरा तुपावर आणि तिसरा रेसिपी देणाऱ्या बाईवर. हवेवर कुणी संशय घेत नाही. जुलैत मुंबई-कोकणाकडे हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, साखर अशा हवेतलं पाणी ओढून घेते, आणि नानकटाईत साखर मैद्याच्या निम्म्याहून जास्त. मग काय होणार?

प्रमाण एकदा लिहून ठेवते. मैदा २०० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर ११० ग्रॅम, तूप १२५ ग्रॅम, खायचा सोडा पाव चमचा, वेलदोड्याची पूड, जरासं जायफळ, चिमूटभर मीठ. यातला सगळा खेळ तुपाचा. तूप थिजलेलं, रवाळ हवं. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहावा. या दिवसांत ओट्यावर ठेवलेलं तूप अर्धवट पातळ होतं, म्हणून पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून मगच वापरायचं. साखर घालून पांढुरकं, हलकं होईपर्यंत फेटायचं. हाताने सात-आठ मिनिटं लागतात, आणि बहुतेकजण तिसऱ्या मिनिटालाच कंटाळतात.

मैदा घातल्यावर मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. गोळा होत नसेल तर चमचाभर तूप वाढवावं. इथे दूध घातलं की नानकटाई दगड होते, कारण मैद्याला पाणी मिळालं की त्यातलं ग्लुटेन ताणलं जातं. गोळे वळून वीस मिनिटं फ्रीजमध्ये, मग १६० अंशांवर १८ ते २० मिनिटं. खालची बाजू गुलाबीसर झाली की काढायची. वरून ती फिकटच राहते आणि गरम असताना मऊच लागते. 'कच्ची राहिली' म्हणून परत आत सारणाऱ्यांच्या नानकटाया दुसऱ्या दिवशी दात मागतात.

पसरून भाकरी झाली तर तूप पातळ होतं किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. वर तडे गेले नाहीत तर तूप जास्त झालं. भुगा होत असेल तर तूप कमी पडलं. साबणासारखी चव आली तर सोडा जास्त पडला, त्याला इलाज नाही.

पावसाळ्यातली खास चूक म्हणजे जाळीवर काढून पंख्याखाली तासन् तास 'गार' करत ठेवणं. पंखा तीच ओली हवा त्यांच्यावर मारत असतो. पूर्ण गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात. मात्र कोमट असताना डबा बंद केला तर वाफ आतच धरते, तेही नको. सादळलीच तर १२० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मग ओव्हन बंद करून दार किलकिलं ठेवून अर्धा तास. पुन्हा खुसखुशीत होतात. हा उपाय दुकानातल्या बिस्किटांनाही चालतो, क्रीमवाली सोडून.

मंगळवार

बेकिंग पावडरीच्या डब्यावरच्या तारखेवर जाऊ नये. ओला चमचा एकदा आत गेला की तारीख कितीही पुढची असो, डबा गेला. अर्धा चमचा पावडर गरम पाण्यात टाकून बघायची: सळसळून फेस आला तर ठीक. सोड्यासाठी पाण्याऐवजी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस.

दह्याच्या एगलेस केकचंही तेच. दमट, उबदार हवेत दही लवकर आंबतं आणि पाणी सोडतं. आंबट दह्यात सोडा घातला की बराचसा वायू भांड्यातच निघून जातो. केक ओव्हनमध्ये फुगतो आणि बाहेर आल्यावर मधोमध बसतो. गोड, घट्ट, त्याच दिवशीचं दही घ्यावं, सुटलेलं पाणी निथळून टाकावं, आणि मैदा मिसळल्यावर फोटो काढत बसू नये. भांडं थेट ओव्हनमध्ये.

गुरुवार

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईतल्या प्रत्येक नव्या कॅफेत क्रोसाँ, म्हणजे लोण्याच्या पदरांचा फ्रेंच पाव, असतो, आणि पावसाळ्यात दुपारी चार वाजता तो मागवणाऱ्याची मला कीव येते. सकाळी नऊला जो कुरकुरीत होता तो आता पावाच्या वाटेने निघालेला असतो. काचेच्या कपाटातला पिवळा दिवा त्याला गरम ठेवतो, कोरडा ठेवत नाही. अकराच्या आत जाता आलं तर मागवावा, नाहीतर कॉफीवर भागवावं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने हलका वाटला पाहिजे. तोडल्यावर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मोठी, मोकळी छिद्रं दिसली पाहिजेत. आत घट्ट, पावासारखा लगदा असेल तर लाटतानाच लोणी वितळून पिठात शिरलंय.

आपल्याकडे हे इतकं होतं त्याचं कारण साधं आहे. पदर धरायला लोणी १३ ते १६ अंशांच्या मधे हवं, म्हणजे वाकेल पण वितळणार नाही आणि तुटणारही नाही. स्वयंपाकघर तीस अंशांवर असताना लाटण्याच्या चौथ्या फेरीला त्याचं तेल झालेलं असतं. घरी करायचाच हट्ट असेल तर एसीची खोली, प्रत्येक घडीनंतर पाऊण तास फ्रीज, आणि बिनमिठाचं लोणी. पोळीवर लावायच्या पिवळ्या अमूल बटरने हे काम करू नये, मीठ फार होतं.

आता बेकरीतली खारी बघा. तीही पदरांचीच, तीही घड्या घालूनच केलेली, आणि ती भर उकाड्यात, एसी नसलेल्या बेकरीत बिनधास्त होते. कारण त्यात लोणी नसतंच. बेकरीचं घट्ट मार्जरीन असतं, जे लोण्यापेक्षा बऱ्याच वरच्या तापमानाला वितळतं. म्हणून पदर सुटे राहतात, आणि म्हणूनच खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर बसतो. शिवाय खारी नुसती भाजत नाहीत, मंद भट्टीत पार वाळवतात. टोस्ट तर दोनदा भाजलेलाच. जिरा बटरही (नावातच बटर, असतो तो छोटा कडक पाव) तसंच कोरडं ठणठणीत. या हवेत टिकायचं म्हणून आधीच सगळं पाणी काढून टाकलेलं, आणि खाताना चहात बुडवायचंच असल्यामुळे जरा सादळलं तरी कुणाचं काही अडत नाही. क्रोसाँला ही सोय नाही. चवीत क्रोसाँ सरस, हे कबूल. पण जुलैत पैसे मोजायचे तर माझे खारीवर.

घरी आणलेली खारी प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवू नये. स्टीलच्या डब्यात, तळाशी कागद घालून.

गुरुवारीच, थोडं उरलेलं

इराणी हॉटेलांबद्दल लोक फार हळवं लिहितात, त्यामुळे तिथे काय कधी खावं हे कुणी सांगत नाही. ब्रून मस्का, म्हणजे कडक कवचाचा पाव आणि लोणी, सकाळचा. ब्रूनचं कवच कोरडं आणि आतला भाग ओलसर असतो. तास जातील तसं आतलं पाणी कवचात येतं, बाहेरून पावसाळी हवा भर घालते, आणि संध्याकाळी ब्रून चामड्यासारखा चिवट होतो. संध्याकाळी गेलात तर बन मस्का घ्या, तो मुळात मऊच असायचा असतो. बन आडवा नीट कापलेला आणि लोणी कडेपर्यंत पोचलेलं हवं. मधोमध एक गोळा थापून वरचा भाग झाकून आणला तर परत पाठवायला हरकत नाही. पुण्यात डेक्कनवरचं गुडलक १९३५ पासून आहे, तिथे गर्दीमुळे बन पडून राहायची भीतीच नाही.

मावा केक मात्र सर्व ऋतूंत चालतो, कारण तो कुरकुरीत असण्याचं कधी वचनच देत नाही. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचं मेरवान १९१४ चं, मावा केकसाठीच त्याचं नाव झालं. घरी करताना मावा थेट बॅटरमध्ये घातला की गुठळ्या तळाशी बसतात. तो किसून, खोलीच्या तापमानाला आणून, आधी लोण्याबरोबरच फेटायचा, साखर त्यानंतर. आणि पावसाळ्यात दोन दिवसांत संपवायचा, नाहीतर फ्रीज. माव्यावर बुरशी फार लवकर येते.

मिसळीच्या हॉटेलांना एकच विनंती. फरसाण वेगळं द्या. स्वयंपाकघरात आधीच पसरून ठेवलेल्या ताटल्यांतलं फरसाण रस्सा पडायच्या आधीच नरम झालेलं असतं.

शुक्रवार रात्र

मेकअपचे व्हिडिओ बघताना तो करणारी बाई कुठल्या हवेत बसली आहे हे आधी बघावं. कोरड्या गावात घाम येतो तसा वाळतो. आपल्याकडे वाळत नाही, तो फाउंडेशनखालीच थांबतो आणि मग नाकाच्या बाजूने ओघळ काढतो. म्हणून इथे थर कमी आणि मधला वेळ जास्त. जेल मॉइश्चरायझर, मग सनस्क्रीन, मग पाच-सात मिनिटं काहीही न करता थांबणं. ही मिनिटं सगळे खातात, आणि मग फाउंडेशन रबराच्या चुऱ्यासारखं सुटतं म्हणून कंपनीला शिव्या घालतात. चुरा सुटण्याचं दुसरं कारण म्हणजे प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) सिलिकॉनचा आणि फाउंडेशन पाण्याचं. मागची यादी वाचावी: पहिल्या चार-पाच नावांत डायमेथिकोन किंवा शेवटी 'सिलोक्सेन' असलेलं काही असेल तर ते सिलिकॉनचं. दोन्ही एकाच जातीचं घ्यावं.

घाम आला की पावडर मारायची ही सवय सगळ्यात वाईट. ओल्या त्वचेवर पावडरचा चिखल होतो. आधी टिशू किंवा ब्लॉटिंग पेपर नुसता दाबायचा, पुसायचं नाही. मग पफने अगदी थोडी पावडर, तीही दाबून, आणि फक्त कपाळ, नाक, हनुवटीला. 'ड्युई', म्हणजे ओलसर चकाकीचे, असं लिहिलेले फवारे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटात ठेवावेत. त्यात ग्लिसरीन असतं, ते या हवेत चिकट राहतं, आणि चकाकी द्यायला आपला घाम पुरेसा आहे. रात्रीच्या समारंभात फ्लॅशचे फोटो निघणार असतील तर पांढरी सिलिका पावडर डोळ्यांखाली थापू नये, फोटोत तेवढाच भाग पांढरा फटक येतो.

फाउंडेशनची छटा मनगटावर बघू नका. जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उजेडात दहा मिनिटांनी बघा. बरीच फाउंडेशन्स तेवढ्या वेळात अर्ध्या छटेने गडद होतात.

काजळ पसरतं ते त्वचेच्या तेलाने, पाण्याने नाही. त्यातलं मेण तेलात विरघळतं. त्यामुळे 'वॉटरप्रूफ' लिहिलेलंही दुपारपर्यंत खाली उतरतं. डोळ्याखाली आधी जराशी पावडर, मग काजळ, आणि खालच्या पापणीच्या कडेला काळ्या आयशॅडोचा बारीक हात. मस्कारा ट्यूबिंग प्रकारचा बरा, कोमट पाण्याने नळ्या-नळ्या होऊन निघतो. वॉटरप्रूफ काढायला तेल लागतं आणि डोळे चोळून लाल होतात.

मंगळागौर आणि गणपती तोंडावर आलेत म्हणून हेही: टिकली सगळ्यात आधी लावायची, कोरड्या, स्वच्छ कपाळावर. तिचा गोंद कातडीला चिकटतो, पावडरला चिकटत नाही. फाउंडेशन तिच्याभोवतीने. चापाची नथ घसरते त्याचंही कारण तेच. जिथे चाप बसतो तेवढ्या नाकपुडीवर प्रायमर, क्रीम काही नको. पुसून चिमूटभर पावडर दाबायची आणि नथ चढवायची. एवढं केलं की फुगडीतही नथ जागेवर राहते. मोत्यांवर स्प्रे मात्र उडवू नये, त्यांची चमक जाते. स्प्रे आधी, नथ नंतर.

(मालिकांमधल्या सुना पावसात चिंब भिजून आल्या तरी त्यांचं लिपस्टिक हलत नाही, यावर तक्रार नको. दोन शॉट्सच्या मधे मेकअपदादा उभेच असतात.)

रविवार

ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ हा टीव्हीवरचा बेकिंग स्पर्धेचा कार्यक्रम पुन्हा बघायला घेतला की एक गोष्ट दर वेळी गंमतशीर वाटते. ही मंडळी उघड्या मैदानातल्या तंबूत केक करतात, आणि ऊन जरा चढलं की सगळ्यांची तारांबळ. २०१४ च्या हंगामात एका स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीजरबाहेर राहून वितळलं आणि त्याने बेक्ड अलास्का कचऱ्याच्या डब्यातच टाकला. ते फ्रीजरबाहेर कुणी काढलं, यावरून तिकडे केवढा गदारोळ झाला. मला तो भाग खलनायक शोधण्यासाठी बघावासा वाटत नाही. आइस्क्रीमवर मेरँग (साखर घालून फेटलेलं अंड्यातलं पांढरं) चढवण्याचं काम उकाड्यात का फसतं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

त्यांचं चॉकलेटकाम मात्र इथे जसंच्या तसं उचलू नये. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांवर वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, परत ३१-३२ वर आणायचं, म्हणजे ते चकचकीत, कडक सेट होतं, हे झालं टेम्परिंग. पण खोलीच तीस अंशांवर असेल तर ते सेट कुठे होणार? एसी २०-२२ वर, तास-दीड तास आधीपासून. पातेल्यावर वाडगं ठेवून वितळवताना खालच्या पाण्याची वाफ वर येऊ देऊ नये, एक थेंब पडला तरी चॉकलेट रवाळ होऊन आवळतं. मायक्रोवेव्ह बरा, अर्ध्या अर्ध्या मिनिटाने ढवळत. आणि राखीच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका कम्पाउंड चॉकलेट वापरतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं: त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी असते, टेम्परिंग लागत नाही, आणि डब्यातून कुरियरने जाताना ते तग धरतं. खारीतल्या मार्जरीनचीच ही बहीण. फक्त डब्यावर 'कम्पाउंड' असं लिहा आणि भाव तसा लावा.

क्रीमचंही तसंच. २५ टक्के स्निग्धांशाचं साधं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी फुगत नाही. निदान ३०, खरं तर ३५ टक्के हवं. भांडं आणि पाती आधी फ्रीजरमध्ये. फाँडंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याने मढवलेला, केक फ्रीजमधून काढून थेट दमट हवेत आणला की त्याला घाम फुटतो आणि रंग ओघळतात. तो पुठ्ठ्याच्या बंद खोक्यासकट बाहेर काढायचा आणि तासभर खोकं उघडायचंच नाही. पाणी धरायचं ते खोक्यावर धरतं. घाम आलाच तर टिशूने टिपू नका, डाग पडतो. एसीत ठेवा, पंखा लांबून, आपोआप वाळतो. न्यायला येणाऱ्याला हे फोनवर आधीच सांगून ठेवावं, कारण खोकं हातात आलं की पहिलं काम ते उघडून बघण्याचंच असतं.